दोन सेंटिमीटरांचा रुसवा

मापबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता घरातही कोणी उरलेलं नाही. फोन आला की नवरासुद्धा "मापबाई कामावर गेल्यात" असं सांगून मोकळा होतो. त्याचं काही चुकत नाही म्हणा. जेवताना तो तिसऱ्यांदा भात घ्यायला लागला की बाई तोंडाने अवाक्षर काढत नाहीत, फक्त त्याच्या पट्ट्याकडे बघतात, आणि तो निमूटपणे डाव खाली ठेवतो.

बाईंचं काम असं. देशभरातल्या बारा हजार माणसांच्या तब्येतीचा एक अभ्यास गेली चोवीस वर्षं चालू आहे. माणसं तीच, प्रश्न तेच, आणि दर तीन वर्षांनी त्यांच्या दारात जायचं. त्यातली एकशे ऐंशी माणसं बाईंच्या वाट्याला आलेली. उंची, वजन, कंबर, रक्तदाब, बोटातून थेंबभर रक्त आणि वर बहात्तर प्रश्न. कंबर मोजायची म्हटली की भलेभले श्वास रोखून उभे राहतात. बाई टेप धरून शांत उभ्या. "सोडा श्वास. मला घाई नाही. देशाला खरं पोट हवंय." गेल्या आठवड्यात किती वेळा भरभर चाललात, या प्रश्नाला एका पोस्टमनने "एकदाच, तुम्ही गल्लीत शिरताना दिसलात तेव्हा" असं उत्तर दिलं होतं. बाईंनी तेही गंभीरपणे घेत विचारलं, "किती मिनिटं?"

त्यांच्या यादीत शेवटी एक रकाना असतो, ‘हरवलेले’. जो माणूस मोजायचा राहिला तो हरवलेला, मग तो परगावी गेलेला असो की नुसता दार न उघडणारा. या रकान्याचा बाईंना मनस्वी राग. एक तर चोवीस वर्षांत त्यांचा तो रकाना कोराच राहिला होता आणि त्याचा त्यांना ताठा होता, हे सरळ कबूल करायला हवं. दुसरं कारण खरं शहाणपणाचं. जो टाळतो त्यालाच बहुतेकदा काहीतरी होत असतं, आणि असे सगळे गळाले तर कागदावर देश ठणठणीत आणि दवाखान्यात रांगा, असा प्रकार व्हायचा.

आणि यंदा तो रकाना भरायची वेळ आणली शिंपीमास्तरांनी. सत्तरीचा माणूस, बाजारातल्या जिन्याखालच्या दुकानात चाळीस वर्षं त्याच मशीनवर बसलेला. तो हरवला असं लिहायचं म्हणजे कमालच झाली.

पण दोष बाईंचाच होता. तीन वर्षांपूर्वी त्या दुकानात उंची मोजायची दांडी घेऊन गेल्या. मास्तर आधीच्या खेपेला एकशे एकाहत्तर भरले होते, या वेळी एकशे एकोणसत्तर. आता हे आकडे गुपचूप लिहायचे की नाही? दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि बाई आपल्या सवयीने मोठ्यांदा बोलून गेल्या, "मास्तर, दोन सेंटिमीटर आटलात की."

वाकलात म्हटलं असतं तर मास्तर हसले असते. म्हातारे झालात म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आटलात? शिंप्याला? मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आटतं ते कापड, बाई. तेही हलकं असलं तर. तुमची काठी तपासून घ्या. आणि पुढच्या खेपेला इकडे येऊ नका." गिऱ्हाइकं हसली, तेच वाईट झालं.

म्हणून यंदा बाईंनी आडून आडून सुरुवात केली. पहिल्या दिवशी पर्सची तुटकी चेन घेऊन गेल्या. मास्तरांनी दहा मिनिटांत चेन बसवून दिली आणि मान वर केली नाही. मग पडद्याची टीप, मग नवऱ्याच्या पँटचा खिसा, मग उशीचा अभ्रा. शेवटी नवरा म्हणाला, "घरातलं फाटलेलं सगळं संपलं. आता माझा चांगला शर्ट फाडणार आहेस का?" बाईंनी शर्टाकडे जरा जास्तच वेळ बघितलं, तेव्हा त्याने तो कपाटात टाकून किल्ली फिरवली.

गुरुवारी कचेरीतून साहेबांचा फोन आला. "उद्या पाचला यादी बंद. एका माणसाने काय अडतंय? हरवलेले लिहा आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, ते हरवलेले नाहीत. मला समोर दिसतायत. बटण लावतायत."

जिन्यापाशी त्यांना मास्तरांची सून भेटली. वरच्या मजल्यावरून सासऱ्यांचा चहा घेऊन खाली निघाली होती. ती हळूच म्हणाली, "तुमच्यावरच चिडलेत असं नाही हो. सगळ्यांवरच चिडतात. वर्ष झालं, कोट शिवायला घेत नाहीत. हात गेला म्हणतात. आलेलं कापड परत पाठवतात आणि टिपा मारत बसतात." बाईंना हे कुठल्या प्रश्नाखाली लिहावं ते कळेना, पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. ज्याच्या कोटासाठी तीन तीन महिने माणसं थांबायची, तो माणूस अभ्रे शिवत होता, आणि त्यातला एक त्यांनीच नेऊन दिला होता.

शुक्रवारी दुपारी त्या काहीही न फाडता गेल्या. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मास्तर, मी त्या दिवशी चारचौघांत बोलले ते चुकलं. आकडा चुकला नव्हता. बोलले ते चुकलं. माफ करा."

मास्तरांनी मशीन थांबवलं. "आकडा चुकला नव्हता, हे म्हटल्याशिवाय तुमच्याने राहवत नाही का?"

"नाही राहवत."

"मग आधी तुम्ही उभ्या राहा." त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि फळीवरून एक जाडजूड वही ओढली. बाईंना अभ्यासाचा पहिला पांढरा कोट मास्तरांनीच शिवून दिला होता. चोवीस वर्षांपूर्वीचं पान निघालं. मास्तरांनी मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत टेप लावली आणि चष्म्यावरून पाहिलं. "पाठ साडेपंधरा इंच होती. आता पावणेपंधरा."

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चोवीस वर्षांत त्या स्वतःच्या दांडीखाली एकदाही उभ्या राहिल्या नव्हत्या. "टेप सैल झालीय तुमची," त्या तडकून म्हणाल्या.

मास्तरांनी बाईंच्या काठीकडे बोट दाखवलं. मग बाईंनाच हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण एकशे ऐंशी माणसांना आपण दर खेपेला काय ऐकवत आलो ते त्यांना पहिल्यांदाच जिव्हारी लागलं होतं.

"लावा तुमची काठी," मास्तर म्हणाले आणि चपला काढल्या.

टाचा भिंतीला, नजर समोर. बाईंनी सरकपट्टी डोक्यावर टेकवली, आकडा पाहिला, आणि या वेळी तोंड घट्ट मिटून तो टॅबमध्ये भरला. मास्तर वाट बघत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "किती?" बाईंनी बोट पट्टीवर तसंच धरून ठेवलं आणि बाजूला झाल्या. मास्तरांनी वळून स्वतः वाचलं. एकशे अडुसष्ट.

मग त्यांनी खुंटीवरचा आपला कोट काढून अंगात घातला आणि आरशासमोर बाजू करून उभे राहिले. कोट पुढून खाली लोंबत होता आणि मागून वर उचलला गेला होता. "हा तिसरा," ते म्हणाले. "तीन कोट शिवले स्वतःला. तिन्ही असेच. म्हटलं, स्वतःचाच कोट बसेना तर दुसऱ्याचं कापड कशाला नासायचं."

"माप कुठलं धरलंत?"

"वहीतलं. आपलं माप आपल्याला घेता येत नाही, बाई. हात वर केला की पाठ बदलते. माझं माप ती घ्यायची." ती म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन पाच वर्षं होत आली होती. "मग मी तिचंच धरून कापत राहिलो." ते आरशात स्वतःच्या खांद्यांकडे बघत होते. "म्हणजे कात्री बरोबर चालत होती. माणूसच वाकला होता."

"हात गेलेला नाही तुमचा," बाई म्हणाल्या.

"गेलेला नाही," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "गेलेला नाही."

घड्याळात चार वाजून गेले होते. रक्तदाब राहिला होता, बहात्तर प्रश्न राहिले होते. पण मास्तरांनी टेप बाईंच्या हातात दिली आणि वहीचं पहिलंच पान उघडलं. तिथे त्यांच्या बायकोच्या बारीक, रेखीव अक्षरात पाठ, छाती, बाही, पुढची उंची, सगळं ओळीने लिहिलेलं होतं. बाईंनी माप घेतलं, पेन उचललं, आणि वही समोर धरून थांबल्या. "नवं पान घेऊ का?"

"नको. त्याच पानावर. तिच्या खाली लिहा."

बाईंनी लिहिलं. चोवीस वर्षं आकडे लिहिण्यात गेलेल्या त्या बाईचा हात नेमका तिथेच हलला. मास्तरांनी वाकून पाहिलं आणि बोट ठेवलं.

"हा सात नीट काढा. एक वाटतोय. माझा कोट बिघडेल."