कान तुटलेला कप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण या गाढवपणात मला कुणी भागीदार नाही. सगळा माझा एकट्याचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत मी नुकताच लागलो होतो. सरकारला एखादी योजना आणायची असली की आम्ही गावोगाव हिंडून पाहणी करायची आणि सल्ला द्यायचा. सरकार तो ऐकायचं का? ते सोडा हो! मला मात्र ती नोकरी मनापासून आवडायची.

त्या वर्षी डोंगरातल्या वाड्यांना दुभत्या गाई मिळणार होत्या. गरज कुठे आहे, ते आम्ही सांगायचं. घोडेगावहून एसटीनं मी एका वाडीत जाऊन थडकलो. आता ‘गाई किती?’ असं विचारलं, तर योजनेच्या आशेनं लोक कमीच सांगणार, हे मी पुण्यातच ठरवून टाकलं होतं. म्हणून एक नामी युक्ती काढली. विचारायचंच नाही! चार दिवस राहून घरोघरी चहा प्यायचा आणि रंगावरून दुधाचा अंदाज घ्यायचा. आहे की नाही डोकं?

आणि काय सांगू, जाईन त्या घरात दाट, दुधाळ चहा! प्रत्येक घरात गुलाबाचं फूल रंगवलेला कप, आणि प्रत्येक कपाचा कान तुटलेला. बाजारात कुणीतरी या गरिबांच्या गळ्यात खोटा माल मारलाय, म्हणून मी हळहळलोसुद्धा.

परत येऊन अहवालात ठोकून दिलं, ‘वाडीत दुधाची रेलचेल. गाईंची गरज नाही.’

अहवाल सरकारकडे जाण्याआधी गावात वाचून दाखवायचा, हा आमच्या संचालक बाईंचा दंडक. त्या स्वतः सोबत आल्या. देवळासमोर सगळी वाडी जमली आणि मी खणखणीत आवाजात वाचलं.

हिराबाई नावाच्या म्हातारीनं विचारलं, “भाऊ, कुनाचं दूध म्हनायचं ह्ये?”

“अहो आजी, घरोघरी दुधाचा चहा प्यायलोय मी!”

“आवो, वाडीत दुभती गाय एकच, माझी! तुमी एका घरातनं उठलं का मी तांब्या घिऊन मागल्या दारानं म्होरल्या घरात. कप बी माझाच. दुसऱ्या कुनाकडं कप व्हताच कुठं?”

“पण कशाला एवढं?”

“पावन्याला कोरा चा द्यायचा व्हय? तुमी व्हता तवर माझ्या नातवाला बी थेंब मिळाला न्हाई.”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यात वाडीतले धोंडीबा नावाचे एक आजोबा म्हणाले, “म्हंजी आमी चा पाजला म्हनून गाया गेल्या?”

“नाही हो, नाही!” मी सगळ्यांदेखत तो कागद टराटरा फाडला. मग काय, वाडी खो खो हसत सुटली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कोरा चहा मिळाला. कप तोच! खरं सांगतो, तसा गोड चहा मी पुन्हा प्यायलो नाही.

नवा अहवाल बाईंनी स्वतः लिहिला आणि वाडीला गाई मिळाल्या. अहवालाचं पहिलंच वाक्य मला अजून पाठ आहे: ‘या वाडीत रोज दूध पिणारा माणूस एकच आढळला, आणि तो आमच्याच संस्थेत नोकरीला आहे.’