आक्कांनी शिकवलेला 'क्ष'

आमच्या बायबलबाई आक्का प्रार्थना करू लागल्या की देवळाच्या कौलांवरचे कावळे उडून जात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या बाया म्हणायच्या, "बायबलबाईचा द्येव ठार भैरा दिसतूया!" ते आक्कांच्या कानावर गेलं तेव्हा त्या खो खो हसल्या. "त्यो न्हाय गं भैरा. माजं नरडंच सदलग्याचं, तितं गावात समदी वरडूनच बोलत्यात."

घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं आणि कुणाला हवं असेल तर लिहायला-वाचायला शिकवायचं, हे त्यांचं मिशनचं काम. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास मी लग्न होऊन निपाणीत आले. मास्तरांची बायको, आणि अक्षरशत्रू! यांना ते ठाऊक होतं, देवळाच्या मंडळीत कुणाला नव्हतं. गीतं मला तोंडपाठ होती. पुस्तक उघडून धरायचं आणि शेजारणीनं पान उलटलं की आपणही उलटायचं. ही चोरी मी फक्त आक्कांना सांगितली. मग दर गुरुवारी दुपारी दार लावून त्या मला पाटीवर शिकवू लागल्या.

"कुणाला सांगू नका हं," मी म्हणायची.

"न्हाय सांगत, मास्तरीणबाई."

आणि सांगितलं. तेही देवाला! मी पहिल्यांदा माझं नाव लिहिलं त्याच संध्याकाळी बायकांच्या सभेत आक्का डोळे मिटून उभ्या राहिल्या. "प्रभू, तुजं लई उपकार! जी मास्तरीणबाई आजवर पुस्तक नुसतंच धरून बसायची, तिनं आज आपलं नाव लिवलं!" आणि हे सगळं त्या आवाजात. आमेन व्हायच्या आत साऱ्या बायकांचे डोळे उघडले. कुणीतरी फिदकन हसलं. दुसरीकडे गुपित चुगलीत फुटतं, आमच्यात ते प्रार्थनेत फुटतं. मी तशीच उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी आक्का दारात आल्या, पण मी कडी काढली नाही. यांनी समजावलं, "अगं, त्यांचा हेतू चांगला होता." "हेतू घेऊन चाटू?" मी म्हटलं. आता कोणत्या तोंडानं देवळात बसायचं, हाच घोर मला लागला होता.

पुढच्या सभेत आक्कांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "म्या उपकार मानायच्या भरात एका बाईचं गुपित फोडलं. चूक तिची न्हाय, माजी." त्या दिवसापासून त्यांनी मोठ्यानं प्रार्थना करणं सोडलं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी नाव घेतलं तर उभ्या राहत, ओठ हलत, शेवटचं आमेन तेवढं ऐकू येई.

माझ्याकडे मात्र दर गुरुवारी येत राहिल्या. दार वाजवायच्या नाहीत. कट्ट्यावर थोडा वेळ बसायच्या आणि पाटीवर एखादी ओळ लिहून ठेवून जायच्या. 'चुकले. परत येते.' मी रागारागानं अक्षर अक्षर लावून ती वाचायची, पुसायची आणि पाटी पुन्हा बाहेर ठेवायची. रागानं वाचन सुधारतं, हे मी अनुभवानं सांगते.

नाताळ जवळ आला तेव्हा एका गुरुवारी पाटीवर एकच शब्द होता. शेवटचा 'मा' लागला, आधीचं अक्षर काही केल्या लागेना. आमचा धडा 'ळ'वर तुटला होता ना! खिडकीतून पाहिलं तर आक्का अजून कट्ट्यावरच. मी कडी काढली.

"हे कुठलं अक्षर?"

"क्ष," आक्का म्हणाल्या. "क्षमा."

मुद्दामच लिहिलं होतं बाईनं! मला हसू आलं आणि रडूही. "केली," मी म्हटलं. "पण पुन्हा तुम्हाला काही सांगायचं धाडस नाही होणार, आक्का."

"नगं सांगूस. क्षमा करणं तुजं काम, तसं प्रभूनंच सांगितलंय. इस्वास बशिवणं माजं. म्या येत ऱ्हाईन."

आणि आल्या, वर्षानुवर्षं. पुढे निम्म्या निपाणीच्या बायकांनी आपली दुखणी त्यांच्यापाशी उघडी केली, त्यातला एक शब्द कधी बाहेर आला नाही. बायकांच्या सभेत शास्त्र वाचायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी उभी राहून सगळ्यांदेखत सांगितलं, मला आक्कांनी शिकवलं.

दुसऱ्या लढाईच्या दिवसांत आक्का अंथरुणाला खिळल्या. आता दर गुरुवारी मी त्यांना वाचून दाखवायला जायची. अशाच एका गुरुवारी त्यांनी माझा हात धरला.

"मास्तरीणबाई, एकडाव तुजं नाव घिऊन मोठ्यांदा प्रार्थना करू?"

"करा की आक्का. कौलं उडाली तरी चालतील."

त्यांनी डोळे मिटले. आवाज इतका खोल गेला होता की मला कान त्यांच्या ओठांशी न्यावा लागला. तो आमचा शेवटचा गुरुवार. आक्का काय म्हणाल्या ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.