ॲरिझोनाने उघडी ठेवलेली दरी

सूर्यकांत वेलणकर दुबईत एका कन्सल्टंटकडे रस्त्यांचे नकाशे काढायचे. मूळचे पुण्याचे, पण तिथल्या करामा वस्तीतल्या दोन खोल्यांत पंधरा वर्षं झाली होती. बायको छाया त्र्याण्णव साली वारली. पुढच्याच वर्षी मुलगी अस्मिता शिकायला अमेरिकेत, ॲरिझोनात गेली. तेव्हापासून त्या घरात मराठी बोललं जायचं ते फक्त फोनवर.

पंचाण्णवच्या नाताळासाठी तिने बोलावलं. "बाबा, ग्रँड कॅन्यन बघू. इथून चार तासांवर आहे." त्या दरीचा मोठा नकाशाही तिने पोस्टाने पाठवला. उंचीच्या रेषा इतक्या दाटीने आलेल्या वेलणकरांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. दुबईच्या सपाट वाळूत दोन रेषांच्या मध्ये अख्खी वस्ती मावायची. जेवतानाही ते नदीपासून कड्यापर्यंत रेषा मोजत बसायचे.

रजा मंजूर झाली. व्हिसाचा फॉर्म खालच्या टायपिंगच्या दुकानातल्या याकूबभाईंनी भरून दिला. मुलाखत अठरा डिसेंबरला अमेरिकन वकिलातीत होती.

त्या सोमवारी वेलणकर कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले, तर दाराशी कागद लावलेला. तिकडे वॉशिंग्टनमध्ये बजेटवरून भांडण लागलं होतं, सरकारी कचेऱ्यांना पैसाच मंजूर झाला नव्हता. व्हिसाचं काम बंद.

"साब, इमर्जन्सी है तो बोलो," गार्ड म्हणाला.

मुलीबरोबर दरी बघायची आहे, याला इमर्जन्सी म्हणावं का, हे त्यांना ठरवता येईना. ते परतले.

संध्याकाळी त्यांनी अस्मिताला फोन लावला. "मग दरीही बंद असेल ना? तीही सरकारचीच."

"नो बाबा, इट्स ओपन. इथलं राज्य स्वतःच्या खिशातून पैसे भरतंय. रोजचे सतरा हजार डॉलर. लोक लांबून आलेले असतात ना."

"म्हणजे बासष्ट हजार दिरहॅम," सवयीने त्यांच्या तोंडून गेलं. "जवळजवळ सहा लाख रुपये. रोज."

"तुम्ही काहीतरी करून या ना."

"अगं, व्हिसाची खिडकी उघडायला कोण पैसे भरणार?"

"मग मी फ्रेंड्सबरोबर जाऊ?"

"जा. बघून ये."

ऑफिसात त्यांना निरोपाचा चहा देऊन झाला होता. आता जात नाही, हे त्यांच्याने सांगवेना. रजा सुरू झाली आणि ते घरीच राहिले. कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून जेवायला पलीकडच्या सतवा वस्तीपर्यंत चालत जायचे. तिसऱ्या दिवशी जिन्यात याकूबभाई समोर आले.

"साहेब, तुम्ही अजून इथेच?"

"खिडकी उघडली नाही."

"आणि ऑफिसात?"

"त्यांना वाटतंय मी गेलो."

याकूबभाई हसले नाहीत. "दुपारी दुकानात चहाला येत जा," म्हणाले. वेलणकर दोनदा गेले. दुकानात गिऱ्हाईकं उभी असायची, बाकडं एकच. मग जाणं सोडलं.

तीस तारखेला संध्याकाळी सातला फोन वाजला. अस्मिता दरीवरून बोलत होती.

"बाबा, काहीच दिसत नाही. फुल फॉग. खाली उतरायची वाटही बंद आहे, वरचा थोडाच भाग उघडा ठेवलाय."

"कुठे उभी आहेस?"

"हॉटेलबाहेर. कडा अगदी जवळ आहे."

त्यांनी नकाशा ओढून घेतला. "उत्तरेकडे तोंड कर. पलीकडचा कडा सोळा किलोमीटरवर आहे. नदी जवळजवळ दीड किलोमीटर खाली. आधी सरळ तुटलेला कडा, मग मध्ये एक रुंद पायरी. तिथे रेषा विरळ होतात."

"मग?"

"मग पुन्हा कडा. थेट पाण्यापर्यंत."

मागून कोणी तिला हाक मारली. "कमिंग!" ती ओरडली. "बाबा, फोनचं कार्ड संपतंय. बाय."

फोन ठेवल्यावरही त्यांचं बोट बराच वेळ नदीवर होतं.

सहा जानेवारीला ते कामावर गेले. शेजारच्या टेबलावरच्या सुरेशने विचारलं, "काय मग, अमेरिका कशी वाटली?"

"गेलोच नाही."

"मग पंधरा दिवस होतात कुठे?"

"घरी."

सुरेशने रस्त्याची फाइल पुढे सरकवली.

पुढच्या महिन्यात व्हिसा मिळाला, पण रजा उरली नव्हती. वेलणकर अमेरिकेत गेले ते अठ्ठ्याण्णवमध्ये. तोवर अस्मिता नोकरीसाठी दुसऱ्या, पार सपाट राज्यात राहायला गेली होती. आठ दिवस ती सकाळी ऑफिसला जायची आणि अंधार पडल्यावर परतायची. दरीचा विषय दोघांनीही काढला नाही.