झाकणावरची जागा

रंगाच्या कारखान्यात त्यांना सगळे नाककाका म्हणत. थिनरची टाकी धुवायला माणूस आत उतरण्याआधी काका तिच्या तोंडाशी ओणवे होत, हुंगत आणि म्हणत, "चला." त्या एका शब्दावर माणसं आत जात. हवा तपासायचं मीटर होतं; पण ते जरा काही झालं की किंचाळे, काम थांबे, म्हणून साहेबांनी ते कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. नाक किंचाळत नाही.

कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत मी तिथं लागले. उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर वर धरून ठेवायचा, एवढंच काम.

"दोर धरलाय की वेणी, कॉलेजबाई?" काका रोज विचारत.

हुंगून झाल्यावर पहिले तेच उतरत. कुणाला कधी पुढं होऊ देत नसत. का, ते मला एका दुपारी कळलं. त्यांच्या डब्यातली भाजी आंबली होती, मला दोन हातांवरून वास येत होता. काका चाटूनपुसून जेवले.

"काका, तुम्हाला वास..."

"गप." त्यांनी डबा मिटला. "चार वर्षं झाली. ह्या थिनरनंच खाल्लं नाक. बोललीस तर पोटावर पाय येईल माझ्या."

मी गप्प बसले. तिथं शिकलेली ती पहिली गोष्ट.

आठवड्यानं एक जुनी टाकी उघडली. तोंड इतकं अरुंद, की काकांचे खांदे मावेनात. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

"ही बारीक आहे. काका, हुंगा लवकर."

काका ओणवे झाले. बराच वेळ तसेच राहिले. मग उठले, झाकण ओढून घेतलं आणि त्यावर ठाण मांडून बसले.

"माझं नाक मेलंय. चार वर्षं झाली. मीटर आणा."

टाकीत उतरणाऱ्यांतल्या वेल्डरच्या हातातला पाना खाली आला. "म्हणजे काका, आम्ही इतकी वर्षं तुमच्या भरवशावर..."

"आधी मी उतरत होतो ना रे? मेलो असतो तर कळलंच असतं की तुम्हाला."

"मग तू इथं आहेस कशाला?" साहेब ओरडले.

"सध्या झाकणावर बसायला."

त्यांना उठवायला एकही माणूस पुढं झाला नाही. शेवटी मीटर आलं. झाकण बोटभर सरकवलं, तसं ते असं किंचाळलं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. साहेब म्हणाले, मीटर बिघडलंय. संध्याकाळी काकांना फाटकाबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी मीटर पुन्हा कपाटात.

"तुझं नाक तरुण आहे," साहेब मला म्हणाले. "हुंग आणि उतर."

वास येत होता. गोडसर, डोकं हलकं करणारा. मी झाकण ओढलं आणि बसले. लोखंड उन्हानं तापलं होतं, चटके बसत होते.

"ऊठ!"

"मीटर आणा."

साहेबांनी वेल्डरकडे पाहिलं. वेल्डर आला, आपला डबा माझ्या पायाशी ठेवला. त्या झाकणावर जागा एकाचीच होती.

"सरक थोडी, कॉलेजबाई," तो म्हणाला.