परिचयातल्या चार ओळी

सत्काराची रीत अशी, की परिचय सत्कारमूर्तीनेच लिहून द्यायचा, तोही स्वतःला 'ते' म्हणत. आणि निवेदकाने तो असा वाचायचा, जणू महिनाभर ग्रंथालयात बसून शोधलाय. रवींद्र भोईरनेही दिला लिहून. पत्रकारितेची सव्वीस वर्षं, एक पान. कल्याणच्या सायंदैनिकातली बिनपगारी उमेदवारी, खोपटच्या एसटी डेपोतल्या नादुरुस्त गाड्यांच्या बातम्या, डोंबिवलीत महापालिकेच्या बातम्यांची बीट. आणि मधोमध चार ओळी तळ्याच्या.

शीळफाट्याजवळच्या एका गावाचं तळं पाडलेल्या इमारतींचं डेब्रिज टाकून बुजवत आणलेलं. वर टॉवर उठणार होता. रवींद्रने लागोपाठ अकरा बातम्या दिल्या. कागद कुणी देईना. ते दिले गावातल्या विमलाबाईंनी, तळ्याची नोंद असलेला जुना सातबारा लुगड्याच्या घडीत लपवून आणून. टॉवर थांबला, तळं वाचलं. आणि संपादकांनी रवींद्रला उचलून वाढदिवस पुरवणीवर टाकलं. जरा आराम कर रे, म्हणाले. आराम नऊ वर्षं चालला. ज्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच हसऱ्या फोटोंखाली 'लाडके', 'धडाडीचे', 'कार्यसम्राट' असं आळीपाळीने लिहीत बसायचं.

आज टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये पत्रकार दिन. तिसऱ्या रांगेत विमलाबाई. तुमचं नाव माइकवरून घेणार आहेत, असं सांगून त्यानेच बोलावलेलं. आणि शाल घालायला उभे कोण, तर टॉवरवाले हितेशशेठ. आता 'ज्येष्ठ समाजसेवक'. पाहुणे बदलल्याचं रवींद्रला कुणी कळवलंच नव्हतं.

निवेदकाने आवाजात तूप ओतलं. "ज्यांच्या लेखणीनेऽ... ज्यांच्या झंझावाती लेखणीनेऽऽ..." खोपट आलं, डोंबिवली आली. मग त्याचं बोट कागदावरून चार ओळी खाली घसरलं. "आणि ज्यांनी वाढदिवस पुरवणी घराघरांत पोचवलीऽ, असे आपले सर्वांचे रविदादा!"

टाळ्या. रवींद्रची कानशिलं तापली. पुरवणी ही शिक्षा होती, आणि हे तिचाच सत्कार करत होते.

हितेशशेठ शाल उलगडत कानाशी आले. "जुनं सोडा ना भाऊ. फोटोकडे बघा."

रवींद्रने शाल बाजूला सारली, निवेदकाच्या हातातून कागद ओढला आणि माइक धरला.

"चार ओळी राहिल्यात. तळं बुजवायला घेतलेलं ते याच हितेशशेठनी. त्याचे कागद मला दिले ते..."

माइक बंद पडला. निवेदक पाठ करून वायरीशी फार मन लावून खेळत होता. राष्ट्रगीत लावा, राष्ट्रगीत, असं कुणीतरी कुजबुजलं.

तिसऱ्या रांगेत विमलाबाई उठून उभ्या राहिल्या.

"मोठ्यान बोल रं रवी. मांगं आयकू येत नाय."

तो मोठ्याने बोलला. आधी त्यांचं नाव, मग तळ्याचं, मग अकराच्या अकरा तारखा. कागद हातात चुरगळला होता. तारखा त्याला पाठ होत्या.