हाताने उतरवलं तर चालतं, फोटो काढला तर चोरी?

मंडळी, आज परळच्या एका वाचनालयात भांडून आलोय.

शेजारच्या सुमनताईंनी तरुणपणी गिरणी कामगारांच्या नाटकात काम केलं होतं. त्या नाटकाचं पुस्तक आता कुणी छापत नाही. वाचनालयातली प्रत हात लावताच तुटते. ताईंना आपला प्रवेश पुन्हा पाठ करायचाय, म्हणून त्यांना घेऊन तिथे गेलो आणि मोबाइल काढला.

"फोटो नाही काढायचा, कॉपीराइट आहे," ग्रंथपाल म्हणाले. "हाताने उतरवा, चालेल."

"ह्या थरथरत्या हाताने? तोवर मीच आटपेन रे बाबा!" ताई म्हणाल्या.

लेखक गेल्यावरही साठ वर्षं हक्क राहतो. राहू दे. पण हाच कायदा स्वतःपुरती प्रत घ्यायला मोकळीक देतो. मी ग्रंथपालांसमोरच ताईंच्या प्रवेशाचे फोटो काढले. म्हटलं, करा तक्रार!

पुस्तक छापायचं नाही, फोटोही काढू द्यायचा नाही. मग हक्क नेमका कुणासाठी राखलाय?