सीटी काढलेलं पेडल घेऊन झाशीला

"हा बिघाड नाही, हा त्याचा स्वभाव आहे," असं मुकुंद मला म्हणाला होता. वीस वर्षं झाली. पुण्यातल्या हॉस्टेलच्या खोलीत त्याने माझ्या गिटारसाठी एक फझ पेडल बनवलं होतं. स्टीलचा पानाचा डबा, आत दोन जुने ट्रान्झिस्टर, वर चार कळा आणि पायाने दाबायचं एक बटण. फझ पेडल सूर फाडतं, खरखरीत करतं. हे त्याच्याही पुढे जायचं. चौथी कळ उजवीकडे नेली की तारेला हात न लावता ते आपणहून शिट्टी घालायचं, आणि गिटारवरची आवाजाची कळ फिरवली की ती शिट्टी वरखाली सरकायची, कधी पाखरासारखी, कधी लांबच्या भोंग्यासारखी. मी आज जे काही विचित्र संगीत करते, ते सगळं त्या डब्यातून निघालं.

मध्यंतरी ते मुकं झालं. आतली जोडणी मुकुंदशिवाय कुणाला ठाऊक नाही, म्हणून कुरियरने झाशीला पाठवलं. तो तिथल्याच जुन्या मराठी घरातला; शिकून परत गेला आणि आता लाउडस्पीकर, ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, मंडपांत साउंड लावतो. पेडल परत आलं तेव्हा आवाज स्वच्छ होता आणि शिट्टी गायब. सोबत चिठ्ठी: 'सीटी येत होती, काढून टाकली.'

फोन केला तर म्हणाला, "ठीकच तर वाजतंय आता."

कार्यक्रम बारा दिवसांवर आला होता आणि त्यातली सात मिनिटं फक्त त्या शिट्टीची होती. दोन नवी पेडलं मागवून पाहिली. शिट्टी तीही घालत, पण सांगकाम्यासारखी. मग तिकीट काढलं.

पुण्याहून झाशी म्हणजे जवळजवळ दिवस-रात्रीचा प्रवास. थर्ड एसी हवं असेल तर आधीपासून काढा. मला आयत्या वेळी स्लीपर मिळाला. गिटार भिंतीशी उभी केली आणि मी खिडकी ते दार, दार ते खिडकी करत राहिले. भोपाळनंतर समोरच्या मावशींनी विचारलंच, "सीट में काँटे हैं क्या, बेटी?"

स्टेशनावरून सिपरी बाजारला ई-रिक्षाने वीस रुपयांत पोचले. स्टेशनजवळ लॉज भरपूर आहेत, पण मुकुंदच्या बायकोने, स्मितावहिनींनी, बॅग हातातूनच काढून घेतली. "लॉज-वॉज काय ताई? घर आहे ना."

दुकानात एक गिऱ्हाईक ॲम्प्लिफायर घेऊन बसलं होतं. "काए भैया, जा मसीन फिर सीटी दे रई."

मुकुंदने स्क्रू ढिले केले, आत काहीतरी हलवलं. "अब आ रही है?"

"नईं."

"पक्का?"

"अरे नईं भैया, लिखकें दे दें का?"

गिऱ्हाईक गेल्यावर मी डबा पुढे ठेवला. "शिट्टी परत घाल."

तो हसला. "लोक सीटी काढायला येतात. तू घालायला आलीस, तीही रेल्वेने. उद्या बघू. आज चिरगाँवला कथेचं साउंड आहे. चल, फिरून येशील."

कानपूर रस्ता गुळगुळीत आहे. व्हॅनने तासभर लागतो. दोन्हीकडे गहू आणि मटर. वाटेत समोसे खा, दहा रुपयांना एक, चटणी आंबट आणि जहाल. मला मात्र एकाच जागी बसवत नव्हतं. दर दहा मिनिटांनी विषय पेडलवर नेत होते आणि तो दर वेळी उडवून लावत होता.

मंडपात पोचलो तोच माइकने कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली. मुकुंदने स्पीकरचं तोंड फिरवलं, एक कळ खाली केली. शिट्टी थांबली. बायका पुन्हा बोलायला लागल्या. तो मात्र मान कलती करून तसाच उभा.

"अजून आहे?" त्याने मला हळूच विचारलं.

"नाही रे."

"नक्की?" आणि तो पुन्हा कळांकडे वळला.

व्यासपीठावरून कथेकरी महाराज म्हणाले, "मुकुंद भैया, माइक ठीक है, अब आप भी भगवान भरोसे बैठ जाओ!" मंडप हसला. मुकुंदही हसला, पण मला सकाळचं गिऱ्हाईक आठवलं; त्यालाही त्याने असंच दोनदा विचारलं होतं.

परतताना रस्त्यावरची नजर न काढता तो बोलला. "चार वर्षं झाली. डाव्या कानात सीटी आहे. थांबतच नाही. आतली कोणती, बाहेरची कोणती, कळत नाही. म्हणून विचारत असतो."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"झाशीत? साउंडवाल्याचे कान गेले हे बाजाराला कळलं तर मला कोण बोलावेल?" गिअर बदलून म्हणाला, "तुझा डबा उघडला आणि वाटलं, ही एक तरी सीटी आपल्याला बंद करता येते."

आता शिट्टी मागणार कशी? दुसऱ्या दिवशी मी किल्ला चढून उतरले. तिकीट आहे, पाणी सोबत न्या, फेब्रुवारीतही दुपारी दगड तापतो. याहून जास्त सांगता येणार नाही, कारण मी काहीच पाहिलं नाही. उतरता उतरता ठरवलं की न मागताच परत जायचं. सात मिनिटांचं दुसरं काहीतरी करू.

दुकानात आले तर डबा उघडा होता.

"गिटार आण," मुकुंद म्हणाला. शिट्टी बंद करायला आत बसवलेल्या कपॅसिटरचा एक पाय त्याने सोल्डर वितळवून उचलला. मी बटण दाबलं. शिट्टी आली, अगदी तीच, हट्टी. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "अहो, हे आता ठीक झालं की बिघडलं?" तो चौथी कळ हळूहळू फिरवत होता. एका जागी हात थांबला.

"हीच."

"काय हीच?"

"कानातली. अगदी हीच. ठेव तशीच."

मी पाऊण मिनिट ती धरून ठेवली, मग पाय उचलला. मुकुंदचा चेहरा असा झाला की मी घाबरले.

"गेली," तो म्हणाला. "कानातली गेली गं." त्याने वर पाहिलं. "पंखा केवढा कुरकुरतोय. तेल घालायला पाहिजे." आणि मग, क्षणात: "आली परत."

"पुन्हा दाबू?"

"नको. सवय लागेल."

वहिनींनी आपली नेलपॉलिश आणून कळेच्या त्या जागी लाल ठिपका दिला.

कार्यक्रम झाला. काहींनी कानांवर हात ठेवले, एक जण उठून गेला. म्हणजे बरा झाला. मी कळ सगळीकडे फिरवली, फक्त त्या ठिपक्यावर गेले नाही. तो सूर मुकुंदचा, मी कार्यक्रमात वाजवायचा नाही, एवढं मी झाशीहून शिकून आले. बोटं मात्र अजून स्वस्थ नाहीत.

हे लिहू का, असं मुकुंदला विचारलं होतं. म्हणाला, "लिही. झाशीत मराठी वाचणारी आम्ही चार घरं, त्यातली तीन माझ्याशी बोलत नाहीत." तरी नाव आणि बाजार बदलले आहेत.

आता मुकुंद, हे तुझ्यासाठी. तू नाहीच म्हणणार. कारणंही मला पाठ आहेत: लग्नसराई, कथा, व्हॅनचं टायर. तरी विचारते. पुण्यात तुला साउंडवाला म्हणून कुणी ओळखत नाही. कानाच्या डॉक्टरच्या दारात तुला कुणी पाहिलं तरी तुझं एकही काम जाणार नाही. चार दिवस दुकान बंद ठेवून, वहिनींना घेऊन येशील? आत बोलावतील तेव्हा मी सोबत येईन.